बिराजदारांचं बिनवासाचं अंडं

ऑम्लेटची जाडी व्हर्निअरने मोजणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याच्या मोजमापात नापास झालेली ऑम्लेटं जवळजवळ वर्षभर मीच खाल्ली.

व्हर्निअर म्हणजे कारखान्यात सुया, छर्रे, दांड्या यांची जाडी मोजायचं स्टीलचं हत्यार. त्याच्या दोन जबड्यांत वस्तू धरायची आणि पट्टीवरचा आकडा वाचायचा. दर रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला, काचीगुड्यातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर, बिराजदार त्या जबड्यांत गरम ऑम्लेटची कड हलकेच धरत, चष्मा कपाळावर ढकलत, आकडा वाचत आणि निकाल देत, "टॉलरन्सच्या बाहेर हाय. रिजेक्ट."

टॉलरन्स म्हणजे मापात चालून जाणारा फरक; तो ओलांडलेला रिजेक्ट माल माझ्या ताटात पडे. मी तो तक्रार न करता संपवत असे. त्या वर्षी माझ्या तीन पँटी कमरेत सैल करून घ्याव्या लागल्या, याचं श्रेय बिराजदारांच्या काटेकोरपणाला आहे.

ते आणि मी एकाच कारखान्यात होतो. शिलाई मशीनचा सरकारी कारखाना. मी पुण्याहून ड्रॉइंग ऑफिसात चिकटलो होतो. बिराजदार माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, भालकीकडच्या शेतकरी घरातले, क्वालिटी इन्स्पेक्टर. जगातल्या प्रत्येक वस्तूला ते दोनच शिक्के मारत. सिटी बसचा कंडक्टर रिजेक्ट. इमारतीचा जिना रिजेक्ट, कारण पायऱ्यांची उंची सारखी नव्हती, आणि ती त्यांनी मोजली होती. माझी ड्रॉइंगं तर त्यांनी इतक्यांदा परत पाठवली की ऑफिसात मला लोक 'रिटर्न तिकीट' म्हणायचे. पास झालेल्या गोष्टी फार थोड्या. त्यांत एक त्यांची बायको, वत्सलावहिनी, आणि दुसरी जपानमधली एक म्हातारी.

म्हातारीची गोष्ट त्यांनी मला किती वेळा सांगितली असेल, मोजदाद नाही. परदेशी मालाला देशाचे दरवाजे उघडायच्या थोडं आधी आमच्या कारखान्याने एका जपानी कंपनीशी करार केला आणि बिराजदारांना सहा महिने शिकायला तिकडे पाठवलं. माणूस मटण खाणारा, पण मासे बघवत नाहीत आणि अंड्याचा वास आला की उठून जाणारा. पहिले चार दिवस ते नुसत्या भातावर राहिले. पाचव्या दिवशी कामगारांच्या वसतिगृहाजवळच्या एका खानावळीच्या काचेत त्यांना पिवळंधमक धिरडं दिसलं, पोटात भात भरलेलं. तिथे खानावळीच्या काचेत पदार्थांचे मेणाचे नमुने मांडून ठेवतात, बोट दाखवलं की तेच ताटात येतं. बिराजदारांना वाटलं, बेसन इथपर्यंत पोचलंय. त्यांनी बोट दाखवलं. अर्ध्याहून जास्त खाऊन झाल्यावर शेजारच्या टेबलावरच्या एका कामगाराने खुणेने सांगितलं, कोंबडीसारखे हात फडफडवून, की हे अंडं आहे.

"दाते, मी उठाय पाहिजे होतं," ते मला सांगत. "उठलो न्हाई. वासच न्हवता. अंडं हाय आणि वास न्हाई, असं कुठं असतंय का?"

त्या पदार्थाचं नाव ओमुराइस. ऑम्लेट आणि राइस जोडून जपान्यांनी केलेला शब्द. पुढचे सहा महिने ती खानावळवाली म्हातारी बिराजदारांना दारात बघूनच तवा तापवायला घेई.

ते परतले तेव्हा इथे सगळीच धांदल उडालेली. टीव्हीवर दोनाचे वीस चॅनल झाले, दुकानात परदेशी शिलाई मशीनं दिसू लागली, आणि आमच्या मशीनांवर गोदामात धूळ बसू लागली. जपानी कंपनीने करार पुढे वाढवला नाही. कारखान्यात काम कमी आणि चहा जास्त. अशा दिवसांत बिराजदारांनी गच्चीवर वातीचा स्टोव्ह चढवला.

गच्चीवरच का, तर वत्सलावहिनींच्या गळ्यात तुळशीची माळ. लग्नाआधीपासूनची. उंबऱ्याच्या आत अंडं येणार नाही, मटण बिराजदारांनी गावी जत्रेत काय खायचं ते खावं, हा त्यांच्या संसाराचा करार, आणि तो दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षं पाळलेला. म्हणून गच्चीवरचा स्टोव्ह वेगळा, कढई वेगळी, उलथनं वेगळं. अंडी पाण्याच्या टाकीच्या सावलीत ओल्या वाळूच्या बादलीत पुरलेली. स्वयंपाक आटोपला की बिराजदार तिथल्याच नळाखाली अंघोळ करत, दोरीवरचा धुतलेला पायजमा चढवत आणि मग खाली घरात जात. थंडीतसुद्धा. आम्ही त्याला 'ड्यूटी बदलणं' म्हणायचो.

कृती सांगतो, म्हणजे माणूस कळेल. भात आदल्या दिवशीचा, सुटा सुटा. तो लोण्यात कांदा, गाजर आणि टोमॅटो सॉस घालून परतायचा, लालसर होईपर्यंत. मग दोन अंडी फोडून, ढवळून, मलमलच्या फडक्यातून गाळायची. गाळताना पांढऱ्यातला जो चिकट दोरा मागे राहतो, त्यात वासाचं मूळ असतं हा बिराजदारांचा सिद्धांत. मग मंद आच, चमचाभर दूध, आणि कागदासारखा पातळ थर. त्यात भात घालून पाकिटासारखं दुमडायचं. ऑम्लेट जाड झालं की वास येतो, पातळ झालं की फाटतं. हा मधला आकडा शोधण्यात त्यांचे रविवार जात होते. नॉनस्टिक तवा नवीनच निघाला होता, तो मिळवायला त्यांनी बेगम बाजारातली भांड्यांची दुकानं इतक्यांदा पालथी घातली की एक दुकानदार त्यांना बघून आपणहून मान हलवायचा, "नै आया साब."

आणि या सगळ्यात माझं काम होतं नाकाचं. मी बिनअंड्याच्या घरात वाढलेला, त्यामुळे माझं नाक निर्मळ, असा त्यांचा समज. मला बाजूच्या जिन्यातून अचानक गच्चीवर बोलावत, ताटाजवळ वाकायला लावत आणि विचारत, "वास येतो का?" चव कशी आहे, हे त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. मी एकदा गमतीने म्हणालो की साहेब, चवीलाही मार्क ठेवा काहीतरी. त्यांनी ऐकलंच नाही.

खरं सांगायचं तर माझं नाक केव्हाच बाटलेलं होतं. कॉलेजात असल्यापासून पुणे स्टेशनबाहेरच्या गाडीवर मी चोरून बुर्जीपाव हाणत आलो होतो. अंड्याचा वास मला वास म्हणून येतच नसे, भूक म्हणून येत असे. पण हे कबूल केलं तर रविवारची ऑम्लेटं जाणार. म्हणून मी मनाला येईल ते सांगत असे. कधी "जरासा येतोय," कधी "मागच्या वेळेपेक्षा बरा," असा अनुभवी माणसासारखा डोळे मिटून.

एका रविवारी क्रिकेटची मॅच होती. नाणेफेक चुकू नये म्हणून मी घाईत होतो. ताटावर वाकलो आणि डोळे न मिटताच म्हणालो, अजिबात वास नाही, पास. आणि ताटाकडे हात केला.

बिराजदारांनी ताट मागे घेतलं. "हे न्हाई. हे तुमचं न्हाई."

त्या दिवशी त्यांनी नळाखाली आधी अंघोळ केली, मग स्वच्छ सदरा-पायजम्यात, ताटावर फडकं झाकून, ते खाली गेले. मी मॅच विसरून तिथेच उभा राहिलो, कारण हे नवीन होतं. पाच मिनिटांनी ते वर आले. ताट तसंच, फडकं तसंच. सदऱ्याच्या बाहीला ओलं लागलेलं.

मी म्हणालो, "काय साहेब, त्या जपानी म्हातारीला टपालाने पाठवत होतात वाटतं."

ते कठड्यावर बसले. म्हणाले, "डॉक्टरनं तिला अंडं सांगितलंय. छाती धरलीय तिची. आठ म्हैने झाले. गोळ्या चालू हाईत, पण अंगी लागत न्हाईत. अंडं खावा, न्हाईतर अंगानं नुसत्या गोळ्या तरी किती झेलाव्या म्हणून बोलले." मग ओली बाही पिळत, "उंबऱ्याच्या बाहेरूनच तिला वास आला. उलटी झाली. सकाळचा चहापण गेला पोटातला."

मला तेव्हा वत्सलावहिनींचं खांद्यावरून घसरणारं पोलकं आठवलं. त्या महिन्यांत मी त्यांना जिन्यात कितीदा पाहिलं होतं आणि घरी येऊन म्हणालो होतो, वहिनी डाएटिंग करतायत की काय.

मी त्यांना माझ्या नाकाचा खरा इतिहास सांगितला. बुर्जीच्या गाडीसकट. ओरडतील, निदान एकदा रिजेक्ट म्हणतील असं वाटलं. ते म्हणाले, "हौ. पण मीपण यंत्र तपासून घ्याय पाहिजे होतं." आणि मी उठताना म्हणाले, "ते खाऊन जावा. वाया नक्को."

मी ते खाल्लं. थंड झालं होतं. मॅचमध्ये काय झालं ते मला अजून माहीत नाही.

त्यानंतर नाकाच्या जागी माझी बायको आली. सुनंदाने अंडं कधी हातात धरलेलं नाही, आणि तिचं नाक असं की शेजारच्या इमारतीत लसूण सोलला तर आमच्या घरात खिडकी बंद होते. तिला मी सगळं सांगितलं. ती दर रविवारी गच्चीच्या दारात पदर हातात धरून उभी राहायची आणि नुसती मान हलवायची. महिनाभर तिची मान आडवीच हलत होती. बिराजदार तिच्याशी वाद घालत नसत. मुकाट्याने पुढचं अंडं फोडत.

मधे कारखाना बघायला एक कोरियन इंजिनिअर आला. कोरियाची कोणतीतरी कंपनी कारखाना घेणार, अशी हवा होती. पाहुण्याला नकाशे दाखवायचं काम माझ्याकडे. जेवणाच्या सुट्टीत मी सहज बिराजदारांच्या छंदाची टवाळी केली, आणि तो पोरगेला माणूस जेवण सोडून घरच्या गोष्टी सांगू लागला. त्याची आई हाच ओमुराइस करायची म्हणे. रविवारी मी त्याला गच्चीवर आणला. बिराजदारांचं ते घट्ट दुमडलेलं पाकीट बघून त्याने हातवारे करत सांगितलं, आमच्या घरी असं बांधत नाहीत. भात ताटात टेकडीसारखा काढायचा, त्यात आंबवलेल्या कोबीचं लोणचं बारीक चिरून, आणि वरून अंडं नुसतं पांघरूण घातल्यासारखं टाकायचं. दुमडायला पुन्हा तव्यावर ठेवावं लागत नाही, म्हणून अंडं करपत नाही.

बिराजदारांनी वही काढून टिपून घेतलं. कोबीच्या लोणच्याच्या जागी अंबाड्याची चटणी घातली. दोन आठवड्यांनी सुनंदाची मान पहिल्यांदा उभी हलली. ती पुढे आली, ताटावर वाकली, पुन्हा मान हलवली. बिराजदारांनी व्हर्निअर लावून आकडा वहीत लिहिला आणि खाली सही केली.

कोरियन कंपनीने कारखाना घेतला नाही. स्वेच्छानिवृत्तीचे कागद सगळ्यांना वाटले गेले. बिराजदारांनी सही केली आणि सोमवारपासून रोजच गच्चीवर जाऊ लागले.

आता अंड्याला वास नव्हता. पण अंडं अंडंच होतं. ते ताट घेऊन उंबऱ्याबाहेर उभे राहत. आत पलंगावर बसून वहिनी ताटाकडे बघत, आणि म्हणत, "किती छान दिसायलंय. पण न्हाई ओ. माळ हाय." त्या कधी रागावल्या नाहीत. तेच वाईट होतं.

इथे मी माझं डोकं चालवलं. आपल्याकडे टोमॅटोचं ऑम्लेट करतात, बेसनाचं, अंड्याशिवाय. सुनंदा उत्तम करते आणि वहिनींना ते आवडायचं. मी बिराजदारांना म्हणालो, पिवळं तर पिवळं, टोमॅटोचं ऑम्लेट म्हणून द्या. औषधाच्या कॅप्सूलमध्ये काय असतं हे कोण विचारतो?

ते माझ्याकडे बघत राहिले. "आयुष्यभर खोटा शिक्का मारला न्हाई मी, दाते. आता तिच्या ताटावर मारू?"

मला हा अडाणीपणा वाटला. बाई डोळ्यांदेखत वाळत चालली होती. एका दुपारी बिराजदार नळाखाली अंघोळ करत असताना मी त्यांच्या तव्यावरचं शेवटचं ऑम्लेट उचललं, बशीत घडी करून वर कोथिंबीर पेरली, आणि खाली जाऊन अगदी सहज आवाजात म्हणालो की सुनंदाने टोमॅटोचं ऑम्लेट पाठवलंय, गरम आहे तोवर खा.

वहिनींना भूक होती त्या दिवशी. त्यांनी हात धुतले, बशी मांडीवर घेतली, "तुमच्या बायकोला किती तरास," म्हणाल्या आणि तुकडा मोडला. मी मनातल्या मनात हिशेब करत होतो. एवढा तुकडा गेला तर उद्या अर्धं जाईल, परवा अख्खं.

बिराजदार ओल्या अंगाने दारात आले. तव्यावर ऑम्लेट नाही आणि मी नाही, एवढ्यावरून त्यांना कळलं असणार. त्यांनी बायकोचं मनगट धरलं. तुकडा ओठांपाशी होता.

"त्यात अंडं हाय," ते म्हणाले.

वहिनींनी तुकडा खाली ठेवला. आधी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. बिराजदारांच्या केसांतून अजून पाणी गळत होतं. जवळजवळ वर्षभर ज्या घासासाठी या माणसाने तवे जाळले, तो घास त्याने स्वतःच्या हाताने अडवला होता.

"खायचं तर बघून खा," ते तिला म्हणाले. "न्हाई तर ऱ्हाऊ दे."

मी बशी घेऊन बाहेर पडलो. सुनंदाला कळलं तेव्हा तिने माझं ताट वाढून ठेवलं आणि स्वतः स्वयंपाकघरात बसून जेवली.

तीन आठवडे गच्चीवर स्टोव्ह पेटला नाही. बिराजदार जिन्यात भेटत, मान हलवत, पुढे जात. वहिनींचा खोकला भिंतीतून ऐकू यायचा. चौथ्या रविवारी रॉकेलचा वास आला, म्हणजे स्टोव्ह पेटला होता. मी आमच्या घराच्या दारातच घुटमळलो. मला कोणी बोलावलं नव्हतं.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. वत्सलावहिनी वर चढत होत्या. एक हात कठड्यावर, दुसरा सुनंदाच्या दंडावर. तीन पायऱ्या चढायच्या, टेकायचं, पुन्हा तीन. गच्चीपर्यंत पोचायला पंधरा मिनिटं लागली. मी घरातला बसायचा वेताचा मोडा उचलून मागून गेलो. तेवढंच एक काम त्या दिवशी माझ्या हातून बरं झालं.

बिराजदार उलथनं धरून उभेच राहिले. "कशाला आलीस चढून?"

"बघून खा म्हणलाव न्हवं," वहिनी मोड्यावर बसत म्हणाल्या. श्वास परत यायला वेळ लागला. "बघायला आले."

त्यांनी पहिल्यापासून सगळं पाहिलं. वाळूच्या बादलीतून अंडी काढलेली, फोडलेली, गाळलेली, फडक्यात राहिलेला तो दोरा. बिराजदारांनी इतकं वाईट ऑम्लेट कधी केलं नव्हतं. दोन ठिकाणी फाटलं, एका बाजूला जाड राहिलं. त्यांनी ते बाजूला सारायला उलथनं उचललं, तर वहिनींनी हात पुढे केला आणि ताट मागून घेतलं.

ताट मांडीवर घेऊन त्या थोडा वेळ बसल्या. मग दोन बोटांनी अंड्याची कड धरली आणि पांघरूण काढावं तसं ते अलगद उचलून ताटाच्या कडेला ठेवलं. खालचा भात वाफाळत होता. वरच्या शितांना पिवळं लागलेलं होतं. त्यांना ते दिसलं. डाव्या हाताने त्यांनी गळ्यातली माळ एकदा चाचपली, आणि उजव्या हाताने, ज्या बोटांनी अंडं उचललं होतं त्याच बोटांनी, भाताचा घास घेतला.

सुनंदाने तोंड फिरवलं. बिराजदार हललेसुद्धा नाहीत.

भात संपायला बराच वेळ लागला. मधे दोनदा खोकला आला, दोनदा पाणी दिलं. शेवटी त्यांनी अंडं तेवढं राहिलेलं ताट नवऱ्यापुढे सरकवलं. "एवढंच हुतंय माझ्यानं. वरलं तुमी खावा."

"हौ," बिराजदार म्हणाले. "लई झालं." आणि खाली जमिनीवर बसून त्यांनी ते गार झालेलं अंडं खाल्लं.

शितांना लागलेल्या त्या पिवळ्याने औषध पचलं असेल, असं कुठलाही डॉक्टर म्हणणार नाही. वहिनी त्यानंतर सात रविवार वर आल्या. दर वेळी पायऱ्या तेवढ्याच आणि टेकणं जास्त. आठव्या रविवारी त्यांना पलंगावरून उठवेना.

त्या दिवशी बिराजदार ताट घेऊन खाली गेले तेव्हा मी मागे होतो, पाण्याचा तांब्या घेऊन. सवयीने ते उंबऱ्यापाशी थांबले. ताट पुढे धरून, तिला पलंगावरून दिसेल असं.

आत पलंग करकरला. मग वहिनींचा आवाज आला.

"या की आत. गार व्हायलंय."